‘बा’ कुणाला म्हणाली?

आमच्या घरमालकांना हाक काय मारायची, ही मोठी पंचाईत होती. ‘काका’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. काका गल्लीत ढिगाने पडलेत, असं त्यांचं म्हणणं. ‘साहेब’ म्हटलं की खुर्चीतून उठून इकडेतिकडे साहेब शोधायचे. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना ‘सुभेदार’ म्हणायचे आणि ते नाइलाजाने ओ द्यायचे. त्यांना मनापासून आवडणारी हाक एकच होती, एका अक्षराची, आणि ती मारायचा अधिकार त्यांनी जगात एकाच व्यक्तीला दिला होता. ती व्यक्ती पुण्याला राहायची, आणि तिने ती हाक मारली तेव्हा तिला दातसुद्धा आलेले नव्हते.

माधवनगरला मी भाड्याची खोली शोधत गेले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगलीत दूध तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. दिवसभर उन्हातून खोल्या बघून पाय मोडून आले होते, आणि प्रत्येक खोलीत गावातल्या यंत्रमागांचा खडखडाट असा काही शिरत होता की घरमालक काय बोलतो ते त्याच्या मिशीवरून ओळखावं लागत होतं. सुभेदार पुढच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले होते. बनियन, खाकी हाफ पँट, पायात मात्र पॉलिश केलेले बूट.

“गाव कंचं?” त्यांनी विचारलं.

“वाई.”

“वाईत ‘बा’ म्हंजे काय?”

मला वाटलं, मागांच्या आवाजात माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

“बा. ब ला काना. तुमच्या वाईत त्येचा अर्थ काय?”

“‘नको रे बा’ म्हणतात ना, त्यातला बा,” मी म्हणाले. “त्याला काही अर्थ नसतो.”

त्यांचा चेहरा एवढा पडला की माझी खोली गेली, असंच मला वाटलं. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा आवाज आला, “आवं, पोरीला आधी पानी इचारा. अर्थ मागनं इचारा की.” पाणी आलं, मग चहा आला, आणि वरची खोली मला मिळाली. किल्ली देताना सुभेदार म्हणाले, “ऱ्हा. पर त्या अर्थाचा जरा इचार कर.”

पहिल्या आठवड्यातच मला कळलं की या घरात ‘बा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. माझ्या तोंडी तो वाईपासूनच बसलेला. फोनवर आईशी बोलताना “कुणास ठाऊक बा” असं निघून जायचं, आणि खालून लगेच बुटांचा आवाज जिना चढून यायचा. “मला बोलावलं?” सुभेदार दारात उभे. “नाही हो, मी आईशी बोलत होते.” “मग बा कुनाला म्हणालीस?” “कुणालाच नाही.” हे उत्तर त्यांना कधीच पटलं नाही. ज्याचं कुणी नाही अशा पोराकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघायचे आणि खाली जायचे. मी फोनवर “असेल बुवा” म्हणायची सवय लावून घेतली. आई म्हणाली, सांगलीला जाऊन तू बिघडलीस.

या सगळ्याचा उगम काकूंनी मला पावट्याच्या शेंगा सोलता सोलता सांगितला. काकू मूळच्या कानडी घरातल्या. वडील इथल्या कापड गिरणीत कामाला आलेले, त्यामुळे बोलणं इथल्यासारखं, पण राग आला की कानडी. सुभेदार साताऱ्याकडचे. मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत, त्याने लग्न केलं ते गुजराती मुलीशी. त्यावरून कुणाचं काही वाकडं झालं नाही. वाकडं झालं ते नातीच्या उष्टावणाला.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये सगळे जमलेले. पोरीला तिच्या मामाने मांडीवर घेतलं, चांदीच्या वाटीतली खीर बोटाने चाटवली. पोरीने ती गिळली, गोल तोंड केलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, “बा.”

सुभेदारांनी मांडीवर थाप मारली, “मला हाक मारली!” साताऱ्याकडे बापाला बा म्हणतात, आणि बापाच्या बापाला थोरला बा, म्हणजे हाक त्यांनाच. त्यावर सुनेची आई म्हणाली, “ना ना, मने बोलावी.” गुजरातीत बा म्हणजे आई, आणि त्या घरात तिला लहानथोर सगळे ‘बा’च म्हणायचे. मुलगा हसत म्हणाला, “पप्पा, तुमच्याच भाषेत बा म्हणजे बाप. तिचा बाप मी आहे.” काकूंचं मत सगळ्यांत वेगळं पडलं. कानडीत बा म्हणजे ये. “ती कुनालाच हाक मारंना,” त्या म्हणाल्या, “ती खिरीला म्हनतीया, अजून ये.” मामाच्या मते तो ढेकर होता, पण मामाला कुणी विचारत नव्हतं.

हसण्यावारी गेलं असतं. पण सुभेदार उठून उभे राहिले आणि म्हणाले, “ही पोरगी मला बा म्हणाली, हे जवर तुमी समदे कबूल करत न्हाई, तवर मी खंडाळ्याच्या पलीकडं पाऊल टाकनार न्हाई.” आणि भरल्या पानावरून निघाले. काकूंनी आधी स्वतःचं पान संपवलं, मग त्यांचं संपवलं, आणि मग निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. मुलगा स्वभावाने गोड, पण बापाचाच. तो म्हणाला, “पप्पा, खंडाळा लोणावळ्याच्या शेजारी. पुणं त्याच्या अलीकडे येतं. तुमची शपथ मोडत नाही, बिनधास्त या.” सुभेदार असे काही ओरडले म्हणे, की शेजारचे दोन माग बंद पडले. “त्यो मुंबईवाल्यांचा खंडाळा! आमचा खंडाळा सातारा जिल्ह्याचा, तालुक्याचा!” त्यानंतर बापलेकांचं बोलणं थांबलं. मी राहायला गेले तेव्हा पोरगी चांगली पळायला लागली होती, आणि तिच्या आजोबांनी तिला पुन्हा पाहिलेलं नव्हतं.

घरी बसून सुभेदारांनी पुरावे गोळा करायला घेतले. जगात बा म्हणजे बापच, हे एकदा सिद्ध झालं की पुणं शरण येणार, असा त्यांचा बेत होता. त्यांनी भाषांची वाटणी केली होती: आपल्या बाजूच्या आणि शत्रूच्या. गुजराती शत्रू, कानडी घरभेदी. बाकीच्यांचा तपास चालू होता, आणि त्यासाठी कुणीही चालायचं. इंटरनेट बंद पडलं की कंपनीला फोन लावायचे, आणि पलीकडची मुलगी “मी आपली काय मदत करू शकते?” म्हणाली की विचारायचे, “बाळा, तुजं मूळ गाव कंचं? तिकडं बा म्हंजे काय?” बिचारी म्हणायची, सर, राउटर एकदा बंद करून चालू करा.

कोपऱ्यावरच्या मागावर एक बिहारी कामगार होता. त्याला त्यांनी एकदा चहाला आणून बसवलं.

“हमरे में तो बा माने है,” तो म्हणाला. “सब ठीक बा. मतलब सब ठीक है.”

“बा म्हंजे हाय?” सुभेदार विचारात पडले. मग खुर्चीतून उसळले. “म्हंजे ‘बा बा’ म्हंजे बा हाय! बाप हजर हाय!”

“जी?” तो घाबरला.

त्या दिवशी त्यांनी त्याला दोन वेळा चहा पाजला आणि भोजपुरीला तटस्थ राष्ट्र म्हणून जाहीर केलं. तो कामगार त्यानंतर आमच्या गल्लीऐवजी मागच्या बोळातून जाऊ लागला.

चीनचं प्रकरण मात्र त्यांच्या जिवाला लागलं. मोबाइलवर शोधताना त्यांना कळलं की चिनी भाषेत बा म्हणजे बाप. सुभेदारांची उमेदीची वर्षं बर्फात चीनकडे दुर्बीण लावून गेली होती, आणि आता जगात एवढा मोठा देश आपल्या बाजूने उभा राहिला तो हा. दोन दिवस ते जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “माझा त्यांच्यावर भरवसा न्हाई. पर खरं त्ये खरं.” भरवसा नव्हता ते बरंच झालं, कारण पुढे असं निघालं की आवाज झटक्यात खाली आणला तर बाप, आणि सरळ लांब ठेवला तर आठ. आता हा फरक घशात बसवणं आलं. रोज सकाळी ते गच्चीवर, म्हणजे माझ्या खोलीच्या बाहेर, पाठीमागे हात बांधून सराव करायचे. “बा! बाऽऽ! बा! बाऽऽ!” बाप, आठ, बाप, आठ. मी उशी डोक्यावर घेऊन पडलेली असायची.

आठवडा गेला आणि शेजारचे एक आजोबा फाटकाशी येऊन मला हळूच विचारून गेले, “काय गं, सुभेदारांनी गच्चीवर बकरं बांधलंय न्हवं? कवा कापत्यात?” मी नाही म्हटलं तर त्यांना खरं वाटेना. सगळ्या गल्लीत बोलबाला झाला होता की सुभेदार जत्रेला बकरं कापणार, आणि लोक कुणाकुणाला बोलावणं येतं याची वाट बघत होते. जत्रा झाली, बोलावणं आलं नाही. दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सुभेदारांना कारण शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मला सांगण्याचा धीर झाला नाही.

हे सगळं ऐकून मी त्यांना विक्षिप्त म्हणून सोडून दिलं असतं. मी तशी चिडकी आहे. सकाळी सकाळी कानाशी चीन ओरडलेला मला चालत नाही. पण खाली व्हिडिओ कॉलची वेळ झाली की माझा राग विरघळायचा. काकू रोज संध्याकाळी पुण्याला फोन लावायच्या. फोन शेल्फावरच्या डब्याला टेकवून त्या समोर बसायच्या आणि नातीला चार बोटं हलवून बोलवायच्या, “बा, बा, बाळा, बा!” कानडीतलं ये. पोरगी पडद्याजवळ येऊन नाक चिकटवायची. सुभेदार त्याच खोलीत, काकूंच्या मागे, खुर्ची उलटी करून भिंतीकडे तोंड करून बसलेले. शपथ पुण्याला न जाण्याची होती, पण पडद्यातून बघणं म्हणजे चोरवाटेने जाणं, असं त्यांनीच ठरवलं होतं. ऐकायला मात्र बंदी नव्हती. पोरगी बोलायला लागली की त्यांचे कान लाल व्हायचे. एकदा तिने पाठ केलेलं गाणं म्हटलं, तेव्हा मी बघितलं, त्यांच्या बुटाचं टोक जमिनीवर ताल धरत होतं. भिंत कोरी होती. साधं कॅलेंडरसुद्धा नव्हतं.

“एवढं का मनाला लावून घेतलंय?” मी काकूंना विचारलं.

काकूंनी फोन पदराने पुसून शेल्फावर ठेवला. मग म्हणाल्या, “आमचं पोरगं बोलाय शिकलं तवा हे बर्फात हुते. सुट्टीला आले आन पोरानं ह्यांच्याकडं बोट करून इचारलं, आई, ह्यो मानूस कवा जानार? पुढं लष्कराच्या शाळंत गेलं, पप्पा म्हनाय शिकलं. ह्यांना आजवर कुनी बा म्हटलंच न्हाई बघ. आन त्या दिशी हे म्होरंच बसले हुते, पोरीनं तोंड उघडलं, आन बा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बाप-आठ सुरू झालं तेव्हा मी उशी डोक्यावर घेतली नाही.

काकू मात्र त्यांना सोडत नसत. ‘बा’वरून नवऱ्याने घातलेला हा पहिला घोळ नव्हे, असं त्या म्हणायच्या, आणि दोघांच्या बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट आल्यागेल्याला ऐकवायच्या. तरणे सुभेदार रजेवर आलेले, मित्राला घेऊन मुलगी बघायला इथे माधवनगरला आले. काकूंनी आतल्या दाराआड उभं राहायचं ठरलेलं. त्यांची आई पुढच्या दारात आली, पाहुण्यांच्या खांद्यावरून पाठीमागे, अंगणातून डोकावणाऱ्या काकूंकडे बघून म्हणाली, “बा, बा!” मुलगी आतून निसटून अंगणात गेली होती, आई तिला कानडीत आत ये म्हणत होती. सुभेदारांना वाटलं, सासू होणारी बाई आपल्याला बा म्हणतेय. ते उंबऱ्याबाहेरच ताठ झाले आणि म्हणाले, “मी काय तुमचा बा हाय व्हय?”

“माजी आई बिचारी अजून बा बाच करतीया,” काकू हसून सांगायच्या, “आन हे उंबऱ्याभाईर उभे! कुनीतरी सांगितलं, आवं, बा म्हंजे ये. तर म्हनाले, मला ये म्हनती, जावयाला आवंजावं न्हाई? म्हटलं, तुमाला कोन बोलीवतंय? तुमाला मानानं बर्री म्हनलं असतं. बा मला म्हटलं!” एवढी गोष्ट झाली की सुभेदार पेपर उघडून बसायचे. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा.

एकदा ते मिरजेला डोळे तपासायला गेले आणि परत आल्यावर व्हरांड्यात दिवा न लावता बसून राहिले. मी चप्पल काढत होते तेव्हा आपणहून बोलले. दवाखान्यात शेजारी एक निवृत्त उर्दू शिक्षक बसले होते. त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, फारशीत बा म्हणजे सोबत. बाइज्जत, म्हणजे इज्जतीसोबत. सोबत नसेल तर बा जाऊन बे येतो. बेइज्जत.

“मग कुठल्या बाजूला घातलंत फारशीला?” मी विचारलं.

“कुठल्याच न्हाई.” त्यांनी बुटाची नाडी सोडली. “पोरी, समदी भांडत्यात मी बा हाय का न्हाई म्हनून. मी बा न्हाईच. मी बे हाय.”

आत जाऊन मी काकूंना सांगितलं. काकूंनी हातातली परात खाली ठेवली.

त्यानंतर सूत्रं काकूंनी हातात घेतली. नात जूनमध्ये शाळेत जाणार होती. जेवताना त्यांनी एकच वाक्य टाकलं, “एकदा शाळंत गेली की ग्रँडपा म्हनाय शिकंल. मग बसा भिंत बघत.” सुभेदारांचा घास हातात राहिला. काकूंचा प्रस्ताव साधा होता: पोरीला आता बोलता येतं, तर तिलाच विचारायचं. मूळ साक्षीदार तीच. पुणेकरांनी खंडाळ्यापर्यंत यायचं, आपण खंडाळ्यापर्यंत जायचं. शपथ कुणाचीच मोडत नाही. सुभेदारांना हे लगेच पटलं, कारण सरहद्दीवर दोन्ही सैन्यांची अशीच फ्लॅग मीटिंग होते. पंच म्हणून मला नेमलं. “वाईची मानसं निवाड्याला बरी,” सुभेदार म्हणाले. मी रविवारी घरी जाणारच होते, आणि खरं सांगायचं तर मला हे चुकवायचं नव्हतं.

एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि सुभेदारांनी अंगात गरम कोट घातला होता, छातीवर पदकं. साताऱ्याला गाडी बदलली तेव्हा स्टँडवरच्या दोन म्हाताऱ्या जवानांनी त्यांना सलाम ठोकला आणि कुठल्या कार्यक्रमाला निघालात विचारलं. “इन्क्वायरी हाय,” सुभेदार म्हणाले. काकूंच्या मांडीवर शेंगाच्या पोळ्यांचा डबा होता. घाट उतरताना सुभेदार एकदाही खिडकीबाहेर बघेनात; ओठ हलत होते, प्रश्नाची तालीम चालली होती.

खंडाळ्याला रस्त्याकडेचं एक हॉटेल ठरलं होतं. सुभेदारांनी उतरल्या उतरल्या पाहणी केली आणि हॉटेलच्या पुढचा कडुलिंब हद्द म्हणून जाहीर केला. लिंबाच्या पलीकडे पुणं. मुलाने गाडी शहाण्यासारखी लिंबाच्या पलीकडे लावली होती. मुलगा, सून, सुनेची आई थेपल्यांचा डबा घेऊन, आणि नात. केसांना दोन रंगांचे रबर, गुडघ्याला खरचटलेलं.

पोरीने काकूंना बघितलं मात्र, “आजी!” करून थेट मांडीवर. मग तिची नजर सुभेदारांवर गेली. सुभेदार खुर्चीत सावधान बसले होते, पदकं चमकत होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली, वरपासून खालपर्यंत, आणि आजीच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाली, “हे कोण?”

मुलाने मान खाली घातली. सुभेदारांनी घसा साफ केला आणि पाठ केलेला प्रश्न टाकला.

“बाळा, तू ल्हान हुतीस तवा खीर खाऊन ‘बा’ म्हणालीस. कुनाला म्हणालीस?”

“मी खीर नाही खात,” पोरगी म्हणाली. “मी आइस्क्रीम खाते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंच म्हणून म्हणाले, “प्रश्न पुन्हा विचारा.” त्यांनी पुन्हा विचारला. पोरीने खूप विचार केल्यासारखं केलं आणि उलट विचारलं, “बा म्हणजे काय?”

मग जे झालं त्याला सभ्य माणसं मीटिंग म्हणणार नाहीत. सुनेची आई म्हणाली आई, मुलगा म्हणाला वडील, काकू म्हणाल्या ये, सुभेदार टेबलावर बोट आपटून बाप बाप म्हणू लागले, आणि पाण्याचे ग्लास ठेवायला आलेला वेटर, तोही बिहारचा निघाला, अदबीने म्हणाला, “बा माने है.” पोरगी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी ती कंटाळून म्हणाली, “मला आठवत नाही.”

सुभेदार उठले. “साक्षीदार फुटला,” एवढंच म्हणाले. आवाजात दम नव्हता. हॉटेलच्या दाराबाहेर जाऊन ते उभे राहिले, हात पाठीमागे, आमच्याकडे पाठ. एवढा घाट उतरून, कोट घालून आलेला माणूस, आणि नातीने ओळखसुद्धा दिली नाही. मला त्या वेटरचाही राग आला, त्याचा काही दोष नसताना.

तेवढ्यात पोरगी काकूंच्या मांडीवरून उतरली. तिचे डोळे मोठे झाले होते. “आई!” ती ओरडली. “पाठवाले आजोबा!”

रोज संध्याकाळी फोनवर तिने आजीच्या मागे हीच पाठ बघितली होती. तोंड तिला ठाऊकच नव्हतं. मानेवरची वळी आणि टकलाभोवतीचे पांढरे केस तिने झोपेतही ओळखले असते. ती धावत गेली आणि पुढे न जाता पाठीमागूनच त्यांच्या कोटावर थापट्या मारू लागली. सुभेदार हलेनात.

“तुम्ही भिंत बघता ना रोज? भिंतीवर काय आहे?”

“काय न्हाई,” सुभेदार पुटपुटले.

“काहीच नाही?” तिला फार वाईट वाटलेलं दिसलं. “थांबा, मी तुम्हाला गंमत दाखवते.”

आणि ती पळत सुटली. कडुलिंबाच्या पलीकडे, त्यांच्या गाडीच्या सावलीत कुणाची तरी शेळी बांधलेली होती, आणि तिच्याजवळ काळं-पांढरं करडू. पोरगी करडाशेजारी उकिडवी बसली, वळली, आणि आजी फोनवर करते अगदी तशी चार बोटं हलवून बोलवायला लागली, “आजोबा, बा! बा! बा!” करडूही आपल्या परीने त्यात सूर मिसळत होतं.

सुभेदार लिंबाच्या बुंध्याशी जाऊन थबकले. बुटाची टोकं सावलीच्या कडेला. मी त्यांच्या मागे होते. वळून न बघता त्यांनी विचारलं, “पंच, कुनाला म्हणतीया?”

“तुम्हालाच,” मी म्हणाले.

“काय म्हणतीया?”

“ये म्हणतेय.”

त्यांनी एकदा झाडाकडे वर बघितलं, कोट खाली ओढून नीट केला, आणि लिंबाची सावली ओलांडून गेले. करडाजवळ गुडघे मोडून बसताना त्यांची पदकं खुळखुळली आणि पोरगी एक एक पदक ओढून बघू लागली. “भिंतीपेक्षा चांगलंय ना?” तिने विचारलं. सुभेदारांनी नुसती मान हलवली. त्यांचा चेहरा आता तिच्याकडे होता, त्यामुळे आम्हाला पाठच दिसली.

तिला आजोबा आता गाडीत हवे होते, खिडकीशी, तिच्या शेजारी. मुलाने दार उघडून धरलं आणि सुभेदार आत बसले. पुण्याच्या दिशेने तोंड असलेल्या गाडीत. मग त्यांच्या लक्षात आलं असावं की एक माणूस मागे राहिलं. ते खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि काकूंकडे बघून त्यांनी चार बोटं हलवली, अवघडल्यासारखी, आयुष्यात पहिल्यांदाच.

“अगं, बा!”

काकू लिंबाच्या अलीकडे उभ्या होत्या, पोळ्यांचा डबा पोटाशी धरून. त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला, मान ताठ केली, आणि अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“मी काय तुमचा बा हाय व्हय?”